वाटीचें वजन

स्वयंपाकघरांतील एका अगदीं लहान वस्तूविषयीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें. ती वस्तु म्हणजे वाटी. पिठाच्या डब्यांत जी एक जुनी वाटी वर्षानुवर्षें पडलेली असते, तीच. त्या वाटीनें आपण कणीक काढतों, तांदूळ मोजतों, पाहुणा आला तर एक वाटी वाढवितों. आणि एवढ्या मोजमापावर घरांतील दोन्ही वेळचें जेवण सुखानें पार पडतें. मग तिच्याविषयीं बोलण्यासारखें काय आहे, असें आपणांस वाटेल. परंतु याच वाटीनें एका दिवाळींत आमच्या घरीं मोठा घात केला. तो कसा झाला, आणि त्यांतून वाटी व तराजू यांचा मेळ घालण्याची कोणती सोपी रीत आमच्या हातीं आली, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

माझें माहेर बुलढाणें जिल्ह्यांतील धाड. बुलढाण्याहून भोकरदनाकडे जातांना लागणारें हें गांव. वऱ्हाड तेथें संपत आलेलें असतें आणि मराठवाडा जवळ आलेला असतो. इंग्रजांच्या अमदानींत धाड वऱ्हाडांत होतें व भोकरदन निजामाच्या राज्यांत. अलीकडे कलदार रुपया चाले, पलीकडे हाली शिक्का. सीमेवरच्या माणसाला त्यामुळें एक गोष्ट लवकर कळते. ती ही कीं, नांव एक असलें म्हणजे वस्तु एक असतेच असें नाहीं. रुपया म्हटला कीं तो विचारतो, कोणता रुपया? हा प्रश्न आमच्या घरांत सर्वांना ठाऊक होता. परंतु तो वाटीलाहि विचारावयाचा असतो, हें मात्र कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें.

भाजण्याची विद्या आमच्या भागाला नवी नाहीं. गोवऱ्यांच्या विस्तवांत भाजलेले रोडगे वऱ्हाडांत कोणी खाल्ले नाहींत? पण रोडग्याची कणीक थोडी सैल झाली किंवा घट्ट झाली, तरी तो वरणांत चुरला कीं सर्व दोष झांकले जातात. नानकटाईचें तसें नाहीं. तिला वरणाचा आसरा नाहीं. दिवाळीच्या आधीं घरचा मैदा, साखर, तूप डब्यांत भरून भट्टीवर न्यावयाचें, आणि किलोमागें मजुरी देऊन नानकटाया व बिस्किटें भाजून आणावयाचीं, ही चाल महाराष्ट्रांतील कितीतरी गांवांत आहे. आमच्याकडेहि ती होती.

माझी आत्या तरुणपणींच विधवा होऊन दोन मुलांसह आमच्या घरीं राहावयास आली. ती शिवणकाम करी, आणि दिवाळीच्या सुमारास ओळखीच्या घरीं नानकटाया करून देई. पातेल्यांत वाळू तापवून, तिच्यावर ताटली ठेवून, ती एका वेळीं दहा-बारा नानकटाया भाजीत असे. प्रमाण आजीचें होतें: मैदा चार वाट्या, पिठीसाखर दोन वाट्या, तूप सव्वा वाटी, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वासापुरती वेलदोड्याची पूड. वाटीहि आजीचीच होती, पितळेची, कांठाला किंचित् पोंचा आलेली. त्या नानकटाया तोंडांत घालतांच विरघळत.

ही गोष्ट सुमारें पंचेचाळीस वर्षांपूर्वींची. मी तेव्हां नववींत होतें. त्या वर्षीं आत्याकडे एकदम सात किलोंची मागणी आली. तिच्या दृष्टीनें हें मोठेंच काम होतें. त्यांतून थोरल्या मुलाची परीक्षेची फी भरावयाची, असें तिनें मनाशीं ठरविलें होतें. किराणा तिनें उधारीवर आणला. आतां सात किलोंच्या नानकटाया वाळूच्या पातेल्यांत होण्यासारख्या नव्हत्या; भट्टीवर जाणें भाग होतें. भट्टीवरचा सारा व्यवहार किलोंचा, दुकानांतील मालहि किलोंनीं तोललेला. तेव्हां आत्यानें सरळ हिशेब केला. चार वाट्यांच्या जागीं चार किलो मैदा, दोन वाट्यांच्या जागीं दोन किलो साखर, आणि सव्वा वाटीच्या जागीं सव्वा किलो तूप. श्रोतेहो, हा हिशेब ऐकतांना आपणांपैकीं किती जणांना त्यांत चूक दिसली? आम्हां घरांतल्या एकालाहि दिसली नाहीं. प्रमाण तें प्रमाण. वाटी काय आणि किलो काय, असेंच आम्हीं सर्व समजत होतों.

वसुबारसेची संध्याकाळ होती. भट्टीवर गर्दी उसळलेली. आत्यानें तूप-साखर फेसली, मैदा घातला आणि मळावयास घेतला. परंतु पीठ कांहीं केल्या जमेना. मुठींत धरावें तर ओल्या वाळूसारखें फुटून जाई. मागें लोकांची रांग, पुढें तापलेली भट्टी. तिनें थोडें दूध शिंपडलें, आणखी शिंपडलें, जोर लावून मळलें, आणि कसेंबसें गोळे वळून पत्रे भरले. पत्रे बाहेर आले तेव्हां नानकटाया दिसावयास ठीक होत्या, पण गार होतांच दगडासारख्या झाल्या. भट्टीवाल्यानें एक मोडून पाहिली. मोडतांना तिचा आवाज झाला. तो बिचारा हळूच म्हणाला, "ताई, मोहन कमी पडलें."

आत्यानें त्यांतील एकहि नानकटाई कोणाच्या घरीं खपविली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती प्रत्येक घरीं स्वतः गेली, झालें तें सांगितलें, आणि घेतलेले आगाऊ पैसे परत केले. फी उसनवारीनें भरली गेली. तें उसनें व किराण्याची उधारी फेडतां फेडतां पुढचा पावसाळा उजाडला. त्या नानकटाया आम्हीं मुलांनीं चहांत बुडवून बुडवून संपविल्या. परंतु पैशांहूनहि आत्याला दुसरेंच एक दुःख होतें. आपला हात गेला, असें तिला वाटूं लागलें. माणूस एकच, वाटीचें प्रमाण तेंच, मग बिघडलें कोठें? कधीं ती मैद्याला दोष देई, कधीं भट्टीच्या आंचेला, आणि शेवटीं आपल्या नशिबाला.

सुटी संपून शाळा उघडली, आणि विज्ञानाच्या तासाला आम्हांला घनतेचा धडा लागला. सारख्या आकाराचे लाकडाचे व लोखंडाचे ठोकळे मास्तरांनीं टेबलावर ठेविले आणि कोणता जड म्हणून विचारलें. सारा वर्ग हंसला. मला मात्र एकाएकीं आजीची वाटी आठवली. त्याच दिवशीं दुपारीं, दुकानांत गर्दी नसतांना, मी ती वाटी घेऊन गल्लींतल्या वाण्याकडे गेलें. त्यानें कौतुकानें तराजू दिला. रिकाम्या वाटीचा धडा करून घेतला, आणि मग एकेक जिन्नस सपाट भरून तोलला. वाटींत पाणी भरलें तें १५० ग्रॅम भरलें. मैदा भरला तो ७८ ग्रॅम. पिठीसाखर ७२ ग्रॅम. आणि वितळलेलें तूप १३६ ग्रॅम.

म्हणजे पाहा, वाटी तीच, पण तुपाची वाटी मैद्याच्या वाटीहून जवळजवळ पावणेदोनपट जड! आजीच्या चार वाट्या मैद्याचें वजन ३१२ ग्रॅम, दोन वाट्या साखरेचें १४४ ग्रॅम, आणि सव्वा वाटी तुपाचें १७० ग्रॅम. मैदा शंभर भाग धरला, तर साखर ४६ भाग आणि तूप साडेचोपन्न भाग पडतें. या हिशेबानें चार किलो मैद्याला तूप पाहिजे होतें दोन किलो आणि १८० ग्रॅमच्या आसपास. आत्यानें घातलें होतें सव्वा किलो. नऊशें ग्रॅमांहून अधिक तूप कमी पडलें होतें. साखरेचा फरक दीडशें ग्रॅमांचाच होता, तो चालून गेला असता. तुपाचा चालण्यासारखा नव्हता. तूप मैद्याच्या कणांना वेढून टाकतें व त्यांना परस्परांना चिकटूं देत नाहीं. म्हणूनच नानकटाई खुसखुशीत होते. तूप कमी पडलें, त्यांत दुधाचें पाणी मिळालें, आणि वर जोरानें मळलें. मग मैद्यांतील चिवटपणा जागा होणार आणि भाजल्यावर त्याचा दगड होणार, हें ठरलेलेंच होतें.

मी हा हिशेब वहींत मांडून आत्यापुढें ठेविला. तिनें तो दोनदां वाचला. मग म्हणाली, "म्हणजे हात चुकला नव्हता, पोरी. हिशेब चुकला होता." त्या रात्रीं ती कितीतरी दिवसांनीं निवांत झोंपली, असें आई सांगत असे.

ही हकीकत मीं एवढ्या विस्तारानें सांगितली, कारण ही चूक एका घरची नाहीं. वाटी जागा मोजते आणि तराजू पदार्थ मोजतो. या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या भाषेंत व व्यवहारांत त्यांची गल्लत फार जुनी आहे. आजीच्या पिढीला कोष्टक पाठ असे. दोन निळवीं म्हणजे एक कोळवें, दोन कोळवीं म्हणजे एक चिपटें, दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली. हीं सारीं पोकळीचीं मापें. त्यांत धान्य ओतावयाचें. परंतु शेर हेंच नांव वजनालाहि होतें. तो शेर ऐंशीं तोळ्यांचा. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि इंग्रजी कलदार रुपया बरोबर एक तोळा वजनाचा असे. म्हणून घरांत वजनें नसलीं तर बायका पारड्यांत रुपये घालून जिन्नस तोलीत आणि त्याला रुपयाभार म्हणत. ऐंशीं रुपयांच्या भाराचा हा शेर आजच्या हिशेबानें ९३३ ग्रॅमांचा होतो. एका नांवाचे असे दोन शेर, एक मापाचा व एक वजनाचा. शिवाय कच्चा शेर आणि पक्का शेर हा भेद निराळाच.

तेव्हां आपल्या घरीं जर आजीची किंवा पणजीची पाककृतींची वही असेल आणि तींत 'मैदा अर्धा शेर' असें लिहिलेलें असेल, तर घाईनें त्याचे ग्रॅम करूं नका. आधीं आजूबाजूचे शब्द वाचा. मापटें, चिपटें, पायली असे शब्द त्याच पानावर असतील, तर तो शेर बहुधा मापाचा. तोळा, छटाक, रुपयाभार असे शब्द असतील, तर तो वजनाचा समजावा. हा एक लहानसा तपास न केल्यामुळें कितीतरी चांगल्या कृति 'आतां त्या तशा होत नाहींत' म्हणून घराघरांतून बाद झाल्या असतील.

मापाची आणखी एक खोड आहे. माप कांठोकांठ भरून त्यावर जी रास उभी राहते तिला आपण शीग म्हणतों. शीग लावून घ्यावयाचें आणि हात फिरवून सपाट मापानें द्यावयाचें, यांतला फरक धान्यावर मजुरी करणाऱ्या बाईला कोणी शिकवावा लागत नसे. अमेरिकेंत बॉस्टन येथील पाकशाळेच्या फॅनी फार्मर या विदुषींनीं १८९६ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत कप व चमचा नेहमीं सपाट भरून मोजावा असा आग्रह त्यांनीं धरला तो याच शिगेमुळें. त्या सुधारणेनें शीग गेली. पण आंतला दाब राहिला. तीच वाटी मैद्यांत खुपसून, ठोकून भरली, तर ७८ च्या जागीं ९५ ग्रॅम मैदा सहज मावतो. चार वाट्यांत हा फरक जवळजवळ एका वाटीचा होतो. कांठ सपाट आहे, माप खरें आहे, आणि तरीहि पदार्थ चुकला!

आपल्या देशांत वजनमापांचा कायदा १९५६ सालीं झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें बाजारांत आलीं. शेर गेला, किलो आला. दुकानांत हा पालट झाला. परंतु स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं तो थांबला. आंत वाटीच राहिली. तें स्वाभाविकहि होतें. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा' या पुस्तकानें वाटी आणि चमचा यांचींच प्रमाणें दिलीं, आणि त्यामुळेंच तें नव्या संसारांतील असंख्य मुलींच्या उपयोगीं पडलें. आमटी-भाजीला वाटीच योग्य. आमटी पातळ झाली तर आपण उकळून आटवितों. मीठ कमी वाटलें तर वरून घालतों. चुलीवरचा पदार्थ शेवटपर्यंत आपल्या हातांत असतो. भट्टींत गेलेला पदार्थ मात्र हातांतून सुटलेला असतो. केक, बिस्किटें, नानकटाई, पाव यांना चाखून दुरुस्त करतां येत नाहीं. म्हणून तेथें आरंभींच हिशेब खरा असावा लागतो. आणि प्रमाण वाढवावयाचें असेल तर तो वजनाचाच असावा लागतो.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतें. कागद-पेन्सिल जवळ असेल तर टिपून घ्यावें.

प्रथम आपल्या घरची एक वाटी निश्चित करा. शेजारणीची किंवा पुस्तकांतली नव्हे, तर आपल्या डब्यांतली. हल्लीं स्वयंपाकघरांत ठेवण्याजोगा लहान काटा बाजारांत मिळतो. त्यावर रिकामी वाटी ठेवून आंकडा शून्यावर आणा आणि वाटी पाण्यानें कांठोकांठ भरून तिचें वजन लिहा. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर वाटीचें माप. मग वाटी पुसून कोरडी करा आणि नेहमींच्या हातानें, नेहमींच्या पद्धतीनें, एकेक जिन्नस भरून तोला. प्रत्येक जिन्नस तीनदां भरा व मधला आंकडा घ्या. एवढें केलें कीं आपल्या वाटीचें कोष्टक तयार झालें. तें कागदावर लिहून फडताळाच्या दाराला आंतून चिकटवून ठेवा.

काटा हाताशीं नसेल तर अंदाजाला पुढील आंकडे उपयोगीं पडतील. ज्या जागेंत शंभर ग्रॅम पाणी मावतें, त्या जागेंत दूध १०३ ग्रॅम, तेल ९२, वितळलेलें तूप ९१, दाणेदार साखर ८५, रवा सत्तरीच्या आसपास, मैदा किंवा कणीक हलक्या हातानें भरल्यास ५० ते ५५, आणि चाळलेली पिठीसाखर पन्नासाच्या आसपास मावते. आमच्या वडील माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असत. त्यांना हें आणखी सोपें करून सांगतां आलें असतें. मैदा पाण्याची निमकी, साखर पाऊणकीहून थोडी वर, आणि तूप पुरत्या पाण्याला थोडें कमी. एवढें ध्यानांत राहिलें तरी आत्याच्या हातून झाली तशी चूक होणार नाहीं.

यानंतरची पायरी बेकरीवाल्यांकडून शिकण्यासारखी आहे. ते मैद्याला नेहमीं शंभर धरतात आणि बाकी सर्व जिन्नस त्या शंभराच्या मानानें सांगतात. आजीची नानकटाई त्या भाषेंत मैदा १००, साखर ४६, तूप ५४ किंवा ५५ अशी होते. एकदां हे आंकडे हातीं आले कीं पाव किलोची करा कीं दहा किलोंची करा, गुणाकाराशिवाय कांहीं उरत नाहीं.

आतां तीन सावधगिरीच्या सूचना देतें.

पहिली सूचना वाचनाची आहे. 'एक वाटी चाळलेला मैदा' आणि 'एक वाटी मैदा, चाळून' हीं दोन वाक्यें सारखीं नाहींत. पहिल्यांत आधीं चाळावयाचें व मग मोजावयाचें; दुसऱ्यांत आधीं मोजावयाचें व मग चाळावयाचें. चाळल्यानें मैद्यांत हवा खेळते व तो फुगतो. म्हणून पहिल्या रीतीनें मैदा कमी येतो, दुसरीनें अधिक. तीच गोष्ट तुपाची. वितळलेलें तूप वाटींत सपाट बसतें. थिजलेल्या तुपाची मात्र आपण नकळत शीग लावतों. वजनानें घेतलें तर हे दोन्ही प्रश्न उरत नाहींत. चाळा किंवा चाळूं नका, शंभर ग्रॅम मैदा शंभर ग्रॅमच राहतो.

दुसरी सूचना परदेशांतून आलेल्या कृतींविषयीं. पुष्कळ घरांतील मुली व सुना आज अमेरिकेंत आहेत, आणि तेथून केकच्या कृति इकडे येतात. त्यांतला कप म्हणजे आपला चहाचा कप नव्हे. अमेरिकन कप सुमारें २३७ मिलिलिटरांचा असतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत तो २५० चा धरतात. आपला चहाचा कप बहुधा यांहून पुष्कळच लहान असतो. सर्व जिन्नस त्याच लहान कपानें मोजले तर प्रमाण बिघडणार नाहीं, हें खरें. परंतु त्याच कृतींत अंडीं दोन सांगितलेलीं असतात, आणि अंडें कांहीं आपल्या कपाप्रमाणें लहान होत नाहीं. तेथें घोटाळा होतो. कोणता रुपया, हा आमच्या धाडचा प्रश्न तेथें विचारावा: कोणता कप?

तिसरी सूचना तराजूच्याच मर्यादेची आहे. घरगुती काटा दोन-तीन ग्रॅमांचें वजन विश्वासानें सांगूं शकत नाहीं. म्हणून सोडा, बेकिंग पावडर, मीठ अशा थोड्या घालावयाच्या जिनसांना पांच मिलिलिटरांचा मोजण्याचा चमचाच बरा. तो मात्र सुरीच्या पाठीनें सपाट करून घ्यावा. असा एक चमचा सोडा सुमारें पांच ग्रॅम भरतो आणि बेकिंग पावडर चार ग्रॅमांच्या आसपास. तात्पर्य, मोठ्या जिनसांना काटा आणि चिमटीच्या जिनसांना चमचा. दोघांचें भांडण नाहीं.

पुढच्या वर्षीं आत्यानें पुन्हां मागणी घेतली. प्रथम दोन किलोंचीच. हिशेब वजनाचा होता. पत्रे बाहेर आले तेव्हां तीं मायलेकरें व मी भट्टीच्या दाराशीं उभे होतों. भट्टीवाल्यानें एक नानकटाई उचलली. ती त्याच्या बोटांतच विरली. तो कांहीं बोलला नाहीं. दुसरी उचलून त्यानें तोंडांत टाकली. त्यानंतर पुष्कळ वर्षें आत्याच्या नानकटाया धाडांत घरोघरीं गेल्या, आणि दोन्ही मुलांचीं शिक्षणें त्यांवर व शिवणयंत्रावर झालीं.

परंतु तिनें जें खरें शहाणपण केलें तें याहून निराळें. आजी तेव्हां थकली होती. तिच्या हातचे कितीतरी पदार्थ असे होते कीं त्यांना वाटीचेंहि प्रमाण नव्हतें; नुसता हात होता. विचारलें तर आजी म्हणे, "लागेल तेवढें घालायचं." आणि मापून घाल म्हटलें तर तिचा हात अडे, पदार्थ बिघडे. तेव्हां आत्यानें एक युक्ति केली. आजी करावयास बसण्याआधीं ती पिठाचा, साखरेचा, तुपाचा डबा तोलून ठेवी. आजी आपल्या हातानें, आपल्या अंदाजानें हवें तेवढें घेई. तिला कोणी थांबवीत नसे, कोणी विचारीत नसे. काम झाल्यावर आत्या तेच डबे पुन्हां तोली. जें कमी भरलें, तेंच आजीचें प्रमाण! असें तीन-चार वेळां करून मधला आंकडा ती वहींत लिही. दोन वर्षांनीं आजी गेली. अनारसे, साटोऱ्या, पाकांतल्या चिरोट्या आमच्या घरीं आजहि तिच्या होतात, त्या या वहीमुळें.

आपल्या घरींहि असा एखादा हात असेल. तो आज चालता आहे. त्याच्या पदार्थाची स्तुति आपण दरवेळीं करतों, आणि कृति विचारूं म्हणून दरवेळीं पुढच्या सणावर ढकलतों. हाताचें ज्ञान वाटीहून सूक्ष्म असतें, काट्याहूनहि सूक्ष्म असतें. परंतु तें माणसाबरोबर जातें. या सणाला एवढें करा कीं, तो हात डब्याकडे वळण्यापूर्वीं डबा एकदां तोलून ठेवा, आणि काम झाल्यावर पुन्हां एकदां तोला. दोन आंकड्यांची वजाबाकी कोणालाहि येते.

आत्या आतां नाहीं. तिची वही माझ्याजवळ आहे, आणि पोंचा आलेली ती पितळेची वाटीहि. वहीच्या पहिल्या पानावर तिच्या अक्षरांत चार ओळी आहेत: पाणी १५०, मैदा ७८, पिठीसाखर ७२, तूप १३६. माझी नात परवां नानकटाई करावयास बसली, तेव्हां तिनें तें पान उघडून काट्यावर मैदा तोलला. वाटीची तिला गरज पडली नाहीं. तरी ती वाटी मीं तिच्या हातीं देऊन एकदां पाण्यानें भरून तोलविली. काटा १५० वर थांबला.